आवाज मोठा नको, नेमका हवा

पावनखिंडीची कथा सांगताना आपण तलवारींबद्दल बोलतो, जखमांबद्दल बोलतो. कानांबद्दल कुणी बोलत नाही. पण १३ जुलै १६६० च्या त्या लढाईची परंपरेने चालत आलेली हकिगत नीट आठवून पाहा. महाराज विशाळगडावर पोहोचले की तोफा उडणार होत्या, आणि तो आवाज येईपर्यंत खिंड सोडायची नव्हती. खिंडीत लढणाऱ्या बाजीप्रभूंना गडावरचे काहीच दिसत नव्हते. भर पावसाळा, शस्त्रांचा खणखणाट, माणसांचा आरडाओरडा, आणि या सगळ्यातून एकच आवाज त्यांना वेगळा ओळखायचा होता. हाताने लढाई चालू होती आणि कान विशाळगडाकडे लागले होते.

कॅडेट मित्रांनो, आपल्या शाळेत तुमच्या डोळ्यांची, छातीची, पायांची आणि हातांची कसून तयारी करून घेतली जाते. कानांची तयारी मात्र कुठल्याच वेळापत्रकात नाही. मी तुम्हांला पदार्थविज्ञान शिकवतो. त्यातले ध्वनी हे प्रकरण बहुतेक जण परीक्षेपुरते वाचतात, हे मला उत्तरपत्रिकांतून चांगलेच कळते. म्हणून आज वर्गाबाहेर त्याच प्रकरणाची बाजू मांडतो. माझे म्हणणे एवढेच आहे की आवाजाचे मोल त्याच्या मोठेपणावर ठरत नाही. पाठवणाऱ्याने तो किती नेमका पाठवला आणि ऐकणाऱ्याने किती लक्ष देऊन ऐकला, यावर ते ठरते. संगीत, विज्ञान आणि श्रद्धा या तिन्ही ठिकाणी हाच नियम दिसतो. सैन्यात तर त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

हे समजून घ्यायला जबलपूरसारखे गाव नाही. भेडाघाटला तुम्ही सगळे सहलीला गेला आहात. धुवांधारजवळ उभे राहिले की शेजारच्या मित्राचे बोलणेही ऐकू येत नाही. थोडे खाली जाऊन संगमरवरी कड्यांमधून नावेत बसले, तर तीच नर्मदा इतकी शांत असते की वल्ह्याचा आवाजही ऐकू येतो आणि नावाड्याची गमतीदार माहिती शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते. धबधब्याचा आवाज कितीतरी मोठा, पण त्यातून एक शब्दही कळत नाही. नावाड्याचा आवाज साधा, पण त्याचा प्रत्येक शब्द पोहोचतो. मोठा आवाज आणि उपयोगी आवाज यांत काय फरक असतो, ते एकाच नदीवर पाहायला मिळते.

याच शहरात गन कॅरेज फॅक्टरी आहे. तिची स्थापना १९०४ ची. खमरियाला लाँग प्रूफ रेंज आहे, तिथे तोफांची आणि दारूगोळ्याची चाचणी होते. तोफ दुरून पाहिली तर आधी झोत दिसतो आणि आवाज मागून येतो. २० अंश तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला जवळजवळ तीन सेकंद. झोत आणि आवाज यांच्यामधले सेकंद मोजले की अंतर निघते. पावसाळ्यात वीज चमकल्यावर तुम्ही हे स्वतः करून पाहू शकता.

पण झोत दिसलाच नाही तर? पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न होता. शत्रूच्या तोफा टेकडीमागे दडवलेल्या असत. १९१५ मध्ये विल्यम लॉरेन्स ब्रॅग या ब्रिटिश सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्याला त्या तोफा फक्त आवाजावरून शोधून काढण्याचे काम मिळाले. त्याच वर्षी त्याला वडिलांबरोबर पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. युक्ती सरळ होती. आघाडीच्या मागे ठरावीक अंतरांवर मायक्रोफोन मांडायचे. तोफेचा आवाज प्रत्येकापर्यंत थोड्या वेगळ्या क्षणी पोहोचतो. त्या फरकांवरून नकाशावर तोफेची जागा काढायची. अडचण अशी की नेहमीचे मायक्रोफोन बाकीची सगळी गडबड टिपत, आणि दूरच्या तोफेचा खोल, सावकाश कंपनांचा आवाज मात्र निसटून जाई. ब्रॅगचा सहकारी टकर याने त्यासाठी तापवलेल्या बारीक तारेचा मायक्रोफोन तयार केला. तोफेच्या लहरीने हवा हलली की तार थंड होई, तिचा विद्युत रोध बदले आणि नोंद होई. हव्या त्या आवाजाला प्रतिसाद देणारे आणि बाकीच्यांना दाद न देणारे उपकरण मिळाले, तेव्हा काम झाले.

असे उपकरण प्रत्येकाच्या डोक्यात जन्मापासून बसवलेले आहे. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानापर्यंत किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका असतो. तेवढ्यावरून अंधारात काटकी मोडली तरी कुठल्या बाजूला मोडली हे मेंदू सांगतो. रात्रीच्या गस्तीवर दुर्बिणीआधी कान कामाला येतात. पण त्यासाठी दोन्ही कान शाबूत असावे लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे येतो.

जबलपूरमध्ये १ सिग्नल ट्रेनिंग सेंटर आहे. सिग्नल कोअरची स्थापना १५ फेब्रुवारी १९११ रोजी झाली. तिचे ब्रीद आहे 'तीव्र चौकस', म्हणजे जलद आणि सावध. त्यात मोठ्या आवाजाचा उल्लेख नाही. जुन्या काळी सिग्नलचा जवान मोर्स शिके. जो टिंबे आणि रेघा मोजत बसे तो मागे पडे. तयार झालेला माणूस मोजत नसे. प्रत्येक अक्षर त्याला एका छोट्या लयीसारखे ऐकू येई. तबला शिकणाऱ्या मुलाचेही असेच असते. सुरुवातीला तो 'तिरकिट' मधल्या बोटांचा हिशोब करतो, पुढे तो बोल एका झटक्यात कानाला कळतो. आपल्या परेड ग्राउंडवरच्या प्रशिक्षकाला आपण उस्ताद म्हणतो आणि गवयालाही उस्ताद म्हणतो, हे मला नेहमी योग्य वाटते. ड्रिलच्या उस्तादांचा हुकूम आठवा. आधी लांबवलेला 'परेऽऽड', मग क्षणभर थांबणे, आणि मग तोडून म्हटलेले 'सावधान'. त्या थांबण्यामुळे दोनशे टाचा एकदम जुळतात. तोच हुकूम कुणी घाईत नुसता ओरडून दिला, तर टाचा मक्याच्या लाह्यांसारख्या वाजतात.

आता बिगुलाकडे या. जबलपूरमध्ये ग्रेनेडियर्स आणि जम्मू अँड काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटची केंद्रे आहेत. अब्दुल हमीद, योगेंद्रसिंह यादव, विक्रम बत्रा, संजय कुमार हे परमवीर याच दोन रेजिमेंटचे. सैनिकाला शेवटची मानवंदना देताना 'लास्ट पोस्ट' वाजते, तेव्हा शब्द एकही नसतो, तरी तिथल्या प्रत्येकाला सगळे कळते. बिगुलाला कळ नसते, भोक नसते. नुसत्या पितळी नळीतून ओठांच्या कमी-जास्त ताणाने निसर्गतः जे स्वर निघतात तेवढेच मिळतात. नेहमीच्या वापरात ते पाच असतात: सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि त्यावरचा प. पहाटेच्या उठण्यापासून रात्रीच्या दिवे मालवण्यापर्यंतच्या सगळ्या सूचना या पाच स्वरांत बसतात.

याच स्वरांची माळ आपल्या तानपुऱ्यात आहे. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट लागली आणि जवारी चांगली असली, की कुणीही न छेडलेला गांधार त्यातून ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनांचा तो स्वर, आणि बिगुलाचा गांधारही नळीच्या मूळ स्वराच्या पाचपट. सलामीचे वाद्य आणि साधनेचे वाद्य एकाच गणितावर उभी आहेत.

हे तानपुरे कुठे बनतात? सांगली जिल्ह्यातल्या मिरजेला. ते बनवणारी घराणी शिकलगारांची. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, पाणी देणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम कमी झाले, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घरातले लोक वाद्यांकडे वळले. तलवारीची धार पारखणारी नजर आता घोडीवरची जवारी काढू लागली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरज-सांगली भागातच कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातल्या स्वरांचा आधार घेऊन श्रुतींची मोजमापे मांडली. बावीस श्रुतींवरचे त्यांचे पुस्तक १९१० चे. हा फरक किती बारीक असतो पाहा. सा जर २४० कंपनांचा धरला, तर नैसर्गिक शुद्ध गांधार ३०० कंपनांचा येतो. हार्मोनियमवर तो सुमारे ३०२ येतो. फरक जेमतेम दोन कंपनांचा, पण तयार कानाला तो खड्यासारखा लागतो.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांना नोबेल मिळाले ते प्रकाशासाठी, १९३० साली. पण त्याआधी त्यांनी आपल्या वाद्यांवर काम केले होते. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यात नुसता धमाका ऐकू येतो. तबल्याच्या आणि मृदंगाच्या पुडीवर थरावर थर देऊन शाई लावलेली असते. त्या वजनामुळे हेच वरचे स्वर पूर्णांकांच्या पटीत येतात आणि तबला सुरात बोलतो. हे रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले. शाई कुठे, किती आणि कशी लावायची हे आपल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या कानाने ठाऊक होते. त्याचे कारण विज्ञानाने सांगितले. दोघांचाही मान राखावा असेच हे काम आहे.

श्रद्धेकडे वळताना एक स्पष्ट सांगतो. 'सूर्यातून ॐ चा नाद येतो, नासाने सिद्ध केले' असा संदेश दर वर्षी कुणीतरी मला पाठवते. सूर्य आणि आपण यांच्यामध्ये पोकळी आहे. पोकळीतून ध्वनी येत नाही, हे तुम्ही आठवीत शिकता. सूर्याच्या पृष्ठभागाची स्पंदने शास्त्रज्ञ मोजतात. त्यांतली प्रमुख स्पंदने पाच-पाच मिनिटांची असतात. ती नोंद कितीतरी पट वेगाने चालवून कानाला ऐकू येईल अशी केली जाते. त्यातून कुठल्याही मंत्राचा पुरावा निघत नाही. आणि मला वाटते, श्रद्धेला अशा खोट्या प्रमाणपत्राची गरजही नाही. तिने ध्वनीच्या बाबतीत जे खरोखर साधले आहे तेच पुरेसे थक्क करणारे आहे.

वेदपाठाचे उदाहरण घ्या. कागदाशिवाय, केवळ ऐकून आणि म्हणून हा ठेवा हजारो वर्षे टिकला. तो टिकावा म्हणून घनपाठासारखी रीत तयार झाली. तीन शब्द असतील तर एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन असे उलटसुलट म्हणायचे. एखादा शब्द चुकला की लगेच पकडला जातो. वायरलेसवर निरोप घेणारा तोच निरोप परत म्हणून दाखवतो, त्यामागे हाच विचार आहे. युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठणाच्या परंपरेचा गौरव मानवजातीचा वारसा म्हणून केला, तो अचूक पाठांतराच्या या शिस्तीचाही गौरव आहे.

दुसरे उदाहरण आपल्या वारीचे. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२ च्या सुमारास. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, म्हणजे फौजेत वावरलेला माणूस. मुक्कामावर समाज आरतीच्या वेळी शेकडो दिंड्यांचे टाळ-मृदंग वाजत असतात. चोपदार दंड उंच करतो आणि एवढा मोठा जमाव एका क्षणात शांत होतो. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती तेवढी टाळ वाजवत राहते. त्या शांततेत तिचा आवाज लगेच कळतो, चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो आणि मग आरती होते. मोठ्याने ओरडल्याशिवाय गाऱ्हाणे ऐकले जात नाही असे मानणाऱ्यांनी हे एकदा पाहावे. मशिदीची अजान, गुरुद्वारातले कीर्तन, चर्चची घंटा, घाटावरची 'नर्मदे हर' ही साद, यांनाही वेळ आहे, स्वर आहे आणि ऐकणारा आहे. आपल्या सैन्यात तर हे सगळे सर्वधर्म स्थळात एका छपराखाली नांदते. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी आपला आवाज आवरतो, म्हणूनच ते शक्य होते.

आता कानांकडे परत येतो. अधिकारी भरतीच्या वैद्यकीय तपासणीत श्रवणाची एक साधी चाचणी असते. तुम्ही डॉक्टरांकडे पाठ करून उभे राहता. ६१० सेंटिमीटरवरून, म्हणजे वीस फुटांवरून, ते कुजबुजत्या स्वरात बोलतात. ते तुम्हांला प्रत्येक कानाने वेगवेगळे ऐकू यावे लागते. माझा एक माजी विद्यार्थी लेखी परीक्षेत आणि मुलाखतीत उत्तम ठरला आणि या चाचणीत अडकला. डाव्या कानाला कुजबूज पोहोचत नव्हती. कारण नक्की काय हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितले नाही. वर्षानुवर्षे तो रात्री इअरफोन लावून झोपत असे, एवढे त्याने स्वतः मला सांगितले.

अंतःकर्णात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. तुटलेले हाड जुळते, ही पेशी परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित असतो. ९० डेसिबलचा फक्त ४ तास. आकड्यात दहाचाच फरक दिसतो, पण दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. उत्सवाच्या मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरसमोर नाचताना किती डेसिबल कानावर आदळतात, याचा विचार करा. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती का आहे, हे एखाद्या आजारी म्हाताऱ्याच्या किंवा तान्ह्या बाळाच्या घरात बसल्यावर कळते.

यावर काही जण म्हणतात, सर, उत्साहच नको का? हवा, जरूर हवा. 'दुर्गा माता की जय' ही जम्मू अँड काश्मीर रायफल्सची युद्धघोषणा आहे, आणि ती काही कुणी कुजबुजत देत नाही. पण ती चढाईच्या क्षणासाठी राखलेली असते. दिवसभर कुणी तीच ओरडत राहिले, तर ऐन वेळी तिने कुणाचे रक्त उसळेल?

म्हणून तिघांकडे तीन मागण्या. कॅडेट्सनी गोळीबाराच्या सरावात कानाचे संरक्षक साधन चुकवू नये, ते न लावण्यात काही मर्दुमकी नाही. आणि रोज दोन मिनिटे डोळे मिटून आजूबाजूचे किती आवाज वेगळे ओळखता येतात ते मोजावे. पहिल्या दिवशी चार-पाच होतील, महिन्याभरात बारा-पंधरा. पालकांनी सुट्टीत मुलांच्या इअरफोनचा आवाज तपासावा, आणि आपल्या गल्लीतल्या मंडळाला स्पीकर कमी करायला सांगण्याचे धैर्य दाखवावे. मुलगा सीमेवर उभा राहावा असे वाटणाऱ्याने गल्लीत एवढे बोलायला काय हरकत आहे? माझ्या सहकाऱ्यांना विनंती, की महिन्यातून एकदा वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचेल एवढ्या हळू आवाजात शिकवून पाहावे. मी पाहिले आहे. वर्ग आपोआप शांत होतो, आणि ध्वनीचे प्रकरणसुद्धा पोरे मन लावून ऐकतात.

जय हिंद!